डावा कौल

गुरवाच्या पोरीनं यंत्र बनवलं, तर त्याचं नाव ‘कौल’ सोडून दुसरं काय ठेवणार? डॉ. शलाका गुरवनं तेच ठेवलं आणि बघता बघता ते देशभरातल्या प्राणी उद्यानांत सगळ्यांच्या तोंडी झालं.

तिचे वडील भिकाजी गुरव यांनी उभा जन्म गावच्या रवळनाथाला कौल लावण्यात घालवला होता. पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या, विचारणाऱ्याचा प्रश्न देवाच्या कानावर घालायचा आणि वाट बघायची. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. शलाकाच्या यंत्राचं कामही हेच होतं, फक्त इथं कौल देणारा देव नव्हता, जनावर होतं.

गरजही तशीच पडली होती. वाघाच्या बछड्याला मांडीवर घ्यायचं, हत्तीला आंघोळ घालायची, अस्वलाच्या गळ्यात हात टाकून फोटो काढायचा, या प्रकारांना मधल्या काळात नुसता ऊत आला होता. शेवटी कायदा झाला, की जनावर राजी असल्याशिवाय माणसानं त्याच्या हातभर अंतरात जायचं नाही. कायदा करणाऱ्यांचं काम संपलं. पण अस्वलाला विचारायचं कसं, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. सगळे डोक्याला हात लावून बसले असताना शलाकानं विचारायची रीत शोधून काढली.

तिचं शास्त्र समजायला अवघड नव्हतं. घाबरलेल्या जनावराचं काळीज घड्याळासारखं ठोके देतं, सगळे सारखे, घाईघाईचे. निवांत जनावराचे ठोके श्वासाबरोबर थोडे मागेपुढे होतात. छातीची ती बारीकशी थरथर रडारच्या लहरींनी दुरूनच, अंगाला हात न लावता मोजता येते. दुसरी खूण नाकाची. भीती वाटली की रक्त पायांकडे धावतं, पळायची तयारी म्हणून, आणि नाकाचा शेंडा गार पडतो. उष्णतेच्या कॅमेऱ्याला ते लगेच दिसतं. तिसरी खूण मानेच्या आणि कानांच्या ताणाची. या तिन्हींचा हिशेब यंत्र क्षणात करायचं आणि दिवा लावायचं. हिरवा म्हणजे उजवा कौल, लाल म्हणजे डावा.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या वेताळमाळ उद्यानात हे यंत्र पहिल्यांदा लागलं, झिपरीच्या दारात. झिपरी म्हणजे तिथली अस्वलीण. घाटात तिची आई गाडीखाली गेली, तेव्हा मांजराएवढं असलेलं ते काळं केसाळ पिल्लू शलाकानं घरी आणून बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. आता झिपरीच्या पंज्याची नखं शलाकाच्या बोटांहून लांब झाली होती. पिंजऱ्यातून बाहेर पडणाऱ्या बोळाला पुढं दोन फाटे होते. उजवीकडची वाट भेटीच्या ओट्यावर जायची, तिथं पाहुणे लांब दांड्याच्या लाकडी चमच्यानं मध भरवायचे. डावीकडची वाट मागच्या रानात, वारुळांकडे.

घंटा वाजली की झिपरी फाट्यावर येऊन उभी राहायची. हिरवा दिवा लागला तर उजवं दार उघडायचं. लाल लागला तर थोडं थांबून पुन्हा घंटा, पुन्हा लाल तर आणखी एकदा. तिन्ही वेळा लाल आला तर ती मंडळी हिरमुसून चहा प्यायला जायची आणि पुढच्या तुकडीसाठी घंटा व्हायची. डावं दार दिवसाच्या सगळ्या भेटी आटोपल्यावरच उघडायचं.

तीनदा विचारायचा नियम शलाकाचाच. एका मोजमापावर विसंबू नये, हे तिला प्रयोगशाळेनं शिकवलं होतं. आणि देवळात डावा कौल पडला की गावकरी काय करतात, हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. प्रश्न थोडा बदलायचा, एखादा नारळ जास्त कबूल करायचा आणि पुन्हा कळ्या लावायच्या. दोन्ही ठिकाणी एकच शिकायला मिळालं, म्हणजे ते बरोबरच असणार असं तिनं धरून टाकलं.

फळही दिसलं. सुरुवातीला लालच लाल होतं. मग दुसऱ्या घंटेला हिरवा येऊ लागला, आणि पुढं पुढं पहिल्याच घंटेला. या चढत्या आलेखाला शलाकानं ‘विश्वासाची रेघ’ असं नाव दिलं. उद्यानाचा संचालक निनाद परुळेकर, म्हणजे तिचा नवराच, त्यानं ती रेघ चौकटीत बसवून तिकीटखिडकीवर टांगली. रोज सकाळी फाटक उघडण्याआधी पहिली भेट शलाकाची असायची. हिरवा दिवा लागायचा, झिपरी ओट्यावर येऊन बसायची आणि शलाका तिच्या आयाळीतल्या गोचिड्या काढायची. तो तिच्या दिवसाचा सगळ्यात गोड भाग होता. झिपरी आपली आहे आणि तिलाही आपण हव्या आहोत, याबद्दल तिच्या मनात तिळभर शंका नव्हती.

आता देशातल्या प्रत्येक उद्यानात कौल सक्तीचा करायचा का, हे ठरवायला संमती मंडळाच्या अध्यक्षा वासंती कर्णिक स्वतः वेताळमाळला येणार होत्या. त्याच्या आधीच्या रविवारी शलाका आणि निनाद गावी जेवायला गेले.

भिकाजींची बहीण मंजुळाआते वाढायला उभी राहिली की पानावरचा माणूस सहजासहजी सुटत नसे. त्या दिवशी तर खापरोळ्या होत्या, नारळाच्या गोड रसात डुंबणाऱ्या. भिकाजींना मात्र यंत्राची उत्सुकता होती.

“माजो धंदो खाल्लंस,” ते लेकीला म्हणाले, “आता ता मशीन तरी दाखय.”

शलाकानं हातात मावणारा कौल आणलाच होता. माणूसही सस्तन प्राणीच, मग काय अडचण? तिनं तो समोरच्या पाटावर स्वतःकडे तोंड करून ठेवला.

“घे गो आणखी एक,” आते म्हणाली.

“नको आते, गळ्याशी आलंय.”

लाल दिवा लागला. भिकाजी मांडीवर थाप मारून हसले.

“अगो, ह्या काय खाणा? पाखरू खाता तुज्यापेक्षा जास्त. घे.”

“खरंच नको.”

पुन्हा लाल. निनादला ठसका लागला.

“माज्या हातची तुका नको?” आतेचा आवाज ओला झाला. “आता मी किती दिवसांची? पुढल्या वर्षी कोण करून घालतला तुका?”

“आते, असं काय बोलतेस!” शलाका म्हणाली. दिवा अजून लालच होता. आते खापरोळी हातात धरून उभीच राहिली, हलेना. शलाकानं एक सुस्कारा सोडला. “बरं. घाल एक.”

आणि दिवा हिरवा झाला.

“पडलो!” भिकाजी ओरडले. “उजवो पडलो! देवान कौल दिल्यान!”

घर हसण्यानं दणाणून गेलं. शलाकाही हसली, घास तोंडात घातला, आणि मग तिची नजर त्या हिरव्या दिव्यावर खिळली. पोटाला तडस लागली होती. तिला खापरोळी नको होती, हे तिच्याइतकं पक्कं कोणाला ठाऊक असणार? तरी यंत्र खोटं बोलत नव्हतं. सुस्कारा टाकला त्या क्षणी तिचं काळीज खरोखर निवांत झालं होतं, मान सैल पडली होती. नको म्हणण्यात शरीराचे कष्ट होते, ते तिनं सोडून दिले होते एवढंच. यंत्रानं मोजलं ते हे सोडून देणं. तिच्या तोंडातला घास तोंडातच फिरू लागला.

“काय झालं?” निनादनं विचारलं.

“घरी चल,” ती म्हणाली. “म्हणजे उद्यानात.”

संध्याकाळभर ती झिपरीच्या जुन्या नोंदी पडद्यावर लावून बसली. आजवर तिनं दिव्याचा रंग पाहिला होता. आता ती दिवा लागण्याआधीचं काय दिसतं ते बघत होती. डावं दार उघडून झिपरी वारुळांकडे निघायची, तेव्हाची नोंद आधी लावली. ठोके उसळत होते, कान पुढं झुकलेले, नाक हळूहळू ऊब धरत होतं. मग भेटीआधीच्या हिरव्या दिव्याची नोंद लावली. तिथं काहीच उसळत नव्हतं. तिन्ही खुणा एकदम खाली बसत होत्या, डोक्यावरचा भारा जमिनीवर टाकावा तशा. राजी झालेला जीव उसळतो, हरलेला जीव निवतो. यंत्राला निवणं तेवढं कळत होतं, आणि त्यालाच शलाका होकार म्हणत आली होती. घंटा थांबवायचा एकच उपाय आहे, हे झिपरी शिकली होती. विश्वासाची रेघ म्हणजे तिच्या शिकण्याची रेघ होती.

एक नोंद उरली होती. शलाकानं ती सगळ्यात शेवटी ठेवली होती, कारण तिला ती बघायची नव्हती. सकाळच्या भेटीची, तिच्या स्वतःच्या. तिनं ती लावली. तीही तशीच सपाट होती.

तिला रडू कोसळलं. बाटलीनं पाजलेलं पिल्लू रोज आपल्याला सोसत होतं, आणि आपण तिच्या अंगावरून हात फिरवत सुखावत होतो. याची लाज तिला वाटली आणि तितकंच दुःखही झालं. डोळे पुसून ती उठली, ती थेट निनादच्या खोलीत गेली.

निनादनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, आणि मूर्ख तर मुळीच नव्हता.

“ज्या पोरानं झिपरीला एकदा मध भरवला,” तो म्हणाला, “ते पोर मोठं झालं की अस्वलाच्या रानातून रस्ता काढायच्या बाजूनं कधी हात वर करणार नाही. काचेपलीकडून बघून हे होत नाही, शलाका. जवळून बघावं लागतं. तिला रोज थोडं अवघडल्यासारखं होत असेल, मान्य. त्या बदल्यात तिच्या सगळ्या जातीला बाजूनं उभी राहणारी माणसं मिळतात.”

“मग तसं पाटीवर लिही. ‘अस्वल नाराज आहे, पण कारण चांगलं आहे.’ तिनं हो म्हटलंय असं कशाला लिहितोस?”

“हो म्हटलंच आहे ना! थोडं मनवावं लागलं म्हणून होकार खोटा होतो?” निनाद खुर्चीतून उठला. त्याचा चेहरा उतरला होता. “मी तुला लग्नाचं विचारलं तेव्हा तू दोनदा नाही म्हणालीस. तिसऱ्यांदा हो म्हणालीस. तोही सुस्कारा होता का?”

हा प्रश्न शलाकाला अपेक्षित नव्हता. ती त्याच्याजवळ गेली.

“दोन्ही वेळा नाही म्हटल्यावर मी काय केलं, आठवतं?”

“निघून गेलीस. दोन्ही वेळा.”

“स्टँडवर जाऊन गाडीत बसले आणि घरी गेले. माझ्याकडे घरी जायला एस.टी. होती, निनाद. तिसऱ्या वेळेला मी माझ्या पायांनी परत आले होते. झिपरीचं डावं दार तर आपण बंद ठेवतो.”

निनाद खिडकीशी जाऊन उभा राहिला.

“कर्णिकबाई शुक्रवारी येताहेत,” तो म्हणाला. “पन्नासेक उद्यानांनी आपलं यंत्र घेतलंय. तू त्यांच्यासमोर उभी राहून सांगणार, की ते चुकीचं आहे?”

“यंत्र बरोबर आहे. विचारायची रीत चुकली, आणि ती माझी होती. ती मीच बदलणार.”

सोमवारपासून तिनं नवा नियम लावला. भेटींची तिकिटं बंद. दिवसात एकच घंटा. उजवं दार उघडं आणि डावंही उघडं, दोन्हीकडे खाणं सारखंच. विचारायचं एकदाच, आणि जे उत्तर येईल त्यावर तो दिवस संपला. ओट्यावर मध घेऊन बसणारं माणूसही एकच, शलाका स्वतः.

पहिल्या दिवशी घंटा झाली आणि झिपरी मान खाली घालून सरळ उजवीकडे आली. तोच सपाट, निवलेला हिरवा दिवा. शलाकानं मधाचा चमचा पुढं केला नाही. वाडगं खाली ठेवून ती निघून गेली.

“बघ, आलीच ना,” निनाद म्हणाला.

“सवयीनं आली. तिचा अजून विश्वास बसलेला नाही.”

“कशावर?”

“नाही म्हटलं तर खपतं यावर.”

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी झिपरी फाट्यावर थबकली. डाव्या दारातून रानाचा वारा येत होता. तिनं नाक वर करून तो हुंगला आणि मग घाबरल्यासारखं वर घंटेकडे पाहिलं. घंटा गप्प राहिली. ती उजवीकडे आली, पण रमतगमत. गुरुवारी तिचा एक पंजा डाव्या वाटेवर पडला, मागं आला, पुन्हा पडला. शलाका ओट्यावर श्वास रोखून बसली होती. झिपरी अखेर उजवीकडेच आली, तेव्हा शलाकाला आनंद झाला नाही.

शुक्रवारी वासंती कर्णिक आल्या. सोबत मंडळाचे दोन सदस्य आणि जवळच्या शाळेची मुलं होती. निनादनं मोठ्या कौतुकानं सासऱ्यांनाही गाडी पाठवून आणवलं होतं. सगळे बोळाच्या काचेसमोर उभे राहिले. कर्णिकबाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या, कामाला पक्क्या.

शलाकानं काहीही न लपवता सांगितलं. खापरोळीसुद्धा सांगितली. मुलं हसली, बाई हसल्या नाहीत.

“डॉक्टर, तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय बोलताय?” त्या म्हणाल्या. “आजवर दिलेले सगळे हिरवे दिवे संशयात आले.”

“हो. सगळे. पहिला माझा.”

“आणि आज जर अस्वल उजवीकडे आलं, तर मी काय समजायचं? राजी आहे म्हणून आलं की हरलं म्हणून?”

“आज तरी सांगता येणार नाही,” शलाका म्हणाली. “जो जीव नाही म्हणू शकतो, त्याच्याच ‘हो’ला किंमत. तिला नाही म्हणता येतं, हे एकदा दिसेपर्यंत माझं यंत्र निरुपयोगी आहे. तसा शेरा लिहा, मी सही करीन.”

निनादनं डोळे मिटले. पण त्यानं तिला अडवलं नाही. तोच पुढं झाला आणि भिकाजींना म्हणाला, “बाबा, कौल लावायचाय, तर देवाला गाऱ्हाणं तुम्हीच घाला.”

म्हातारा आधी लाजला. मग धोतराचा सोगा सावरून त्यानं हात जोडले, देवळात जोडायचा तसे.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या अस्वलाच्या दारात ही लेकरा जमली आसत!”

“व्हय म्हाराजा!” गावची मुलं ती. त्यांना शिकवावं लागलं नाही.

“तेंचा काय चुकला माकला आसात तर पदरात घी, आणि जा काय खरा आसा, ता सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येवंदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

शलाका ओट्यावर जाऊन बसली. घंटा एकदा वाजली.

झिपरी आली. काचेमागची गर्दी, मुलांचे वास, ओट्यावरचं ओळखीचं माणूस, सगळं तिनं हुंगून घेतलं. दिवा लाल झाला. फाट्यावर ती उभी राहिली, मान हलवत, एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत. मग तिनं वर घंटेकडे पाहिलं. वाट बघितली. मुलं गप्प होती. घंटाही गप्पच राहिली.

झिपरीनं शलाकाकडे पाहिलं. शलाकाच्या ओठांवर आलं होतं, की ये गं, एकदाच ये, माझी ना तू? आतेच्या हातातली खापरोळी होती ती. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि चमचा वाडग्यात उपडा ठेवला.

झिपरी वळली. डाव्या दारातून आधी तिचं तोंड गेलं, मग ते झुपकेदार अंग, आणि ती रानात उतरली. पहिल्याच वारुळाशी बसून तिनं नखांनी माती उडवायला सुरुवात केली. तिची पाठ सगळ्यांकडे होती. बोळात लावलेल्या पडद्यावर ठोक्यांची रेघ उसळत होती, खाली बसत होती, पुन्हा उसळत होती.

कोणी काही बोलेना. देवळात डावा कौल पडला की माणसं अशीच गप्प होतात, कारण नकाराला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायची रीत नाही. मुलांचे चेहरे पडले होते. भिकाजी सवयीनं पुटपुटले, “पुन्हा एकदा लावून बघूया?”

“नाही बाबा,” शलाका ओट्यावर उभी राहिली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. जिला तिनं स्वतःच्या हातानं वाढवलं, त्या झिपरीनं तिला आयुष्यात पहिल्यांदा पाठ फिरवून नको म्हटलं होतं. ते लागलं होतं, खोल लागलं होतं, आणि तरी इतकी खरी भेट त्या दोघींची याआधी कधी झाली नव्हती. रानाकडे तोंड करून, छाती भरून ती ओरडली,

“व्हय म्हाराजा!”

क्षणभर तिचा एकटीचाच आवाज घुमला. मग मागून निनादचा आला, थोडा घोगरा, “व्हय म्हाराजा!” आणि मग सगळ्या मुलांचा, एकदम.

कर्णिकबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

“शेरा काय लिहू?” त्यांनी विचारलं. “नापास?”

“पास लिहा,” शलाका म्हणाली. “आजपासून ते यंत्र चालू झालं.”